शुगर तपासता, मग बीपी का नाही?



उमरखेड तालुक्यात जयंती असो की गणेशोत्सव, आरोग्य शिबिरात शुगर तपासायला रांग लागते. बोटाला सुई टोचली, आकडा कळला की माणूस निघाला. शेजारच्या टेबलावर बीपीचा पट्टा तसाच पडून असतो. शुगर असलेला माणूस बिनसाखरेचा चहा पितो, पण लोणचे, पापड आणि ठेच्यातले मीठ मोजत नाही. हे घातक आहे, कारण मधुमेहींचा जीव बहुतेकदा हृदयविकार किंवा लकव्यानेच जातो, आणि त्याला वाढलेले बीपी मोठे कारण ठरते.

ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या १,१४८ रुग्णांच्या दोन गटांत वरच्या आकड्याचा फरक सरासरी अवघा दहाचा होता. तेवढ्यानेही कमी बीपीच्या गटात लकवा ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले. २००८ मध्ये त्याच रुग्णांचा पुढचा हिशेब आला: दोन्ही गटांचे बीपी सारखे होताच आधीचा फायदाही ओसरला.

‘एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही’ म्हणून अनेकजण ती टाळतात, किंवा बरे वाटताच सोडतात. पण बीपी बहुधा काहीच त्रास न देता हृदय आणि मूत्रपिंड पोखरते. डोके दुखत नाही याचा अर्थ बीपी नाही, असा होत नाही.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ढाणकी-बिटरगावकडच्या मजुराने रोजी बुडवून गोळ्यांसाठी शहरात का यावे? २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि आपल्या शेजारचा वर्धा हे जिल्हे आधी निवडले गेले. ठरलेली औषधे, त्यांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा, हीच त्याची पद्धत. ॲम्लोडिपीन, टेल्मिसार्टन ही काही महागडी औषधे नव्हेत.

म्हणून आरोग्य विभागाकडे तीन मागण्या आहेत. प्रत्येक मधुमेहीला पाच मिनिटे शांत बसवून बीपी मोजावे आणि ते कार्डावर लिहावे. महिनाभराच्या गोळ्या गावाजवळच्या उपकेंद्रातच मिळाव्यात. तारीख चुकवणाऱ्याच्या घरी आशाताईंनी जावे, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना वेळेवर मिळावा. लकवा झाल्यावर नांदेडच्या दवाखान्यासाठी शेत विकायची वेळ एकाही घरावर येऊ नये.

– एक वाचक, उमरखेड (जि. यवतमाळ)