सीडीसाठी रूटचा पासवर्ड कशाला?

युनिक्सच्या यंत्रात सीडी घातली की लगेच वाचता येतेच असे नाही. आधी ती फाइलींच्या झाडाला जोडावी, म्हणजे माउंट करावी लागते आणि हा अधिकार मुळात एकट्या रूटचा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. ज्या प्रयोगशाळांत हे बंधन जसेच्या तसे पाळले जाते, तिथे पुस्तकासोबत आलेली सीडी उघडायलाही विद्यार्थ्याला अ‍ॅडमिनची वाट पाहावी लागते. तो जागेवर नसला की काम अडते आणि शेवटी रूटचा पासवर्डच कानोकानी फिरू लागतो. सुरक्षेसाठी घातलेले बंधन असे सुरक्षेच्याच मुळावर येते.

बंधनामागची भीती खोटी नाही. माउंटची सरसकट मोकळीक मिळाली, तर कुणीही आपली सीडी थेट ‘ईटीसी’ डिरेक्टरीवर चढवून पासवर्डची मूळ फाइल झाकून टाकेल. शिवाय रॉक रिज पद्धतीच्या सीडीवर फाइलींची मालकी आणि परवानग्याही नोंदवता येतात. रूटच्या नावाचा सेटयूआयडी प्रोग्राम, म्हणजे कुणीही चालवला तरी मालकाच्याच अधिकाराने चालणारा प्रोग्राम, तिच्यावर असला आणि तो चालू दिला, तर चालवणाऱ्याच्या हाती सगळे यंत्र येते.

पण या दोन्हींवर इलाज आहे. लिनक्सच्या ‘एफएसटॅब’ फाइलीत सीडीच्या ओळीवर ‘यूजर’ हा पर्याय लिहायचा. मग कोणालाही तीच ड्राइव्ह ठरलेल्या डिरेक्टरीवरच जोडता येते. सेटयूआयडी निष्प्रभ होतो, सीडीवरचे प्रोग्राम चालत नाहीत आणि रूट सोडला तर जोडणाऱ्यालाच ती काढता येते. फ्रीबीएसडीत ‘व्हीएफएस.यूजरमाउंट’ या सेटिंगचे मूल्य 1 करावे लागते. तिथे डिरेक्टरी वापरकर्त्याच्या मालकीची हवी आणि ड्राइव्ह वाचण्याची परवानगीही हवी. सोलारिसमध्ये तर 1990च्या दशकातच ‘व्होल्ड’ हा प्रोग्राम सीडी आपणहून जोडून देत असे.

इतरांना रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या सुडोमधून माउंटची आज्ञा सरसकट खुली करणे हा मात्र इलाज नव्हे. कोणतेही उपकरण कुठेही जोडू देणे म्हणजे रूटचा अधिकारच देऊन टाकणे. मुद्दाम बिघडवलेली सीडी कर्नेलमधल्या चुकीचा फायदा घेऊ शकते, म्हणून सर्व्हरवर ही सवलत नकोच. पण विद्यार्थी ज्या यंत्रापुढे बसतो, तिथे ती नाकारायला सबळ कारण नाही. अ‍ॅडमिननी ती ओळ आजच लिहावी आणि रूटचा पासवर्डही आजच बदलावा.