दुखण्याची नोंद आणि जातीचा रकाना

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागातून, विशेषतः गुंजवण्याच्या बाजूच्या बौद्ध वस्त्यांतून, एक प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. आरोग्याची पाहणी करणारी मंडळी घरी येतात. घरात माणसे किती, पाणी कोठून आणता, चूल कशावर पेटते, शौचालय आहे की नाही, मूल कोठे जन्मले, लस टोचली काय, हे सारे विचारून लिहून घेतात. धर्म विचारला म्हणजे आमचा माणूस ताठ मानेने ‘बौद्ध’ असे सांगतो. लगेच पुढला प्रश्न येतो, ‘जात कोणती?’ आणि येथे घर अडते. ‘आम्ही जात टाकली, ती आता कशाला सांगायची?’ असे घरातला शिकलेला तरुण म्हणतो व रकाना कोरा राहतो. या स्वाभिमानाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु तो रकाना कोरा ठेवणे चुकीचे आहे, आणि त्याची किंमत आपल्या बाळंतिणी व आपली लेकरे देत आहेत, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

जातीचा रकाना म्हणजे आमच्या श्रद्धेची नोंद आहे, असा समज करून घेतल्यामुळे हा घोटाळा होतो. आमच्या श्रद्धेची नोंद धर्माच्या रकान्यात होऊन गेली. जात आम्ही मानीत नाही हे खरे. पण ती मानणारा गाव तेथेच आहे. वस्ती कोठे वसवावी, नळाची तोटी कोठपर्यंत आणावी, आरोग्यसेविकेने कोणत्या उंबऱ्यापर्यंत जावे, हे गावाने ठरविले ते आमच्या श्रद्धेला विचारून नव्हे. तेव्हा जातीचा रकाना ही गावाच्या वागणुकीची नोंद होय. अंगावर वळ उठला असता तो दाखविणारा मनुष्य मारणाऱ्याचा मोठेपणा कबूल करीत नाही. तो फिर्याद देतो.

यावर काही सुजाण उपासक एक शास्त्राधार पुढे करतात, त्याचा विचार केला पाहिजे. मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तात विषारी बाण लागलेल्या मनुष्याचा दृष्टान्त आहे. बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, हे समजल्यावाचून बाण काढू देणार नाही, असा हट्ट धरणारा तो मनुष्य उत्तर मिळण्यापूर्वीच मरून जाईल. मग दुखण्याच्या प्रसंगी जातीची चौकशी कशाला? दृष्टान्त खरा आहे आणि तो रोग्याच्या खाटेपाशी पूर्णपणे लागू आहे. वैद्याने बाण काढावा, जात विचारू नये. पण एकाच वस्तीवर वर्षानुवर्षे बाण येत असतील तर ते कोणत्या दिशेने येतात हे कोणीतरी मोजलेच पाहिजे. उपचार व संशोधन ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्यात जातीचा प्रश्न अपराध ठरतो, दुसऱ्यात तो न विचारणे हा अपराध ठरतो. भगवंतांनी दुःख सांगून तेथेच थांबणे पसंत केले नाही, दुःखाचे कारणही सांगितले, हे नवदीक्षितांना आम्ही निराळे सांगावयास नको.

मोजल्याने काय होते याचे उदाहरण आपल्या डोंगराच्या पलीकडेच आहे. भोरहून वरंधा घाट उतरला म्हणजे महाड. त्या भागात विंचू चावून माणसे मरत, आणि ‘विंचू लागला, आयुष्य संपले’ एवढेच लोक म्हणत. महाडजवळील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्याच्या उशाशी बसून घाम, नाडी, थंड पडत जाणारे हातपाय, फुफ्फुसांत साचणारे पाणी हे सारे टिपून ठेवले. लाल विंचवाचे विष हृदयावर कसा घाला घालते यासंबंधीचे त्यांचे लेखन 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध त्यांनी या रोग्यांना देण्यास प्रारंभ केला. पूर्वी शंभर गंभीर रोग्यांपैकी 30 ते 40 दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. विंचू तोच, अनवाणी पाय तेच, भाताच्या पेंढ्यातला हात तोच. ज्याला दैव म्हणत होते त्याची नोंद झाली आणि ते दैव राहिले नाही.

आता आपल्या दुखण्याची नोंद पाहा. ‘ग्रामीण भारतातील अस्पृश्यता’ या विषयावर 11 राज्यांतील 565 गावांची पाहणी 2006 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या राज्यांत आपले महाराष्ट्र राज्यही होते. सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे नाकारतात, असे 33 टक्के गावांत आढळले. दुसरे संशोधन 2022 सालचे आहे. नऊ राज्यांतील सरकारी पाहणीच्या आधारे संशोधकांनी असे दाखविले की, अनुसूचित जातींच्या माणसाचे सरासरी आयुर्मान उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा 3 वर्षांहून अधिक कमी आहे आणि आदिवासींचे 4 वर्षांहून अधिक कमी. विरोधी पक्षाचा वकील म्हणेल, हा सारा गरिबीचा परिणाम, त्यात जातीचा काय संबंध? त्याचे उत्तर त्याच संशोधनात आहे. सांपत्तिक स्थितीतील फरक हिशेबात धरला तरी या तफावतीपैकी निम्म्याहून कमी भागाचाच उलगडा होतो. उरलेला भाग गरिबीच्या खात्यावर टाकता येत नाही.

त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुराव्यात असेल त्याहून एक अक्षर अधिक वाचणे वकिलाला शोभत नाही. पण हे आकडे बाहेर आले कसे? त्या राज्यांतील घराघरांनी जातीच्या प्रश्नाला उत्तर दिले म्हणून. ज्या घरांनी उत्तर दिले नसते त्यांचे मृत्यू ‘इतर’ या सदरात गेले असते आणि ‘इतर’ या सदराला बाप नसतो.

गुंजवण्याच्या माणसाला तर हे अधिकच लागू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे जिल्ह्यावार छापले जातात. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 94 लाखांवर होती, वेल्हे तालुक्याची अवघी 54 हजारांच्या घरात, म्हणजे शंभरांत एकही नव्हे. पुण्यातील मोठमोठी इस्पितळे आणि राजगडाच्या पायथ्याची पाण्याने ओली भिंत यांची एकत्र सरासरी काढली म्हणजे जिल्हा निरोगी दिसतो. शनिवार-रविवारी गड चढणाऱ्यांच्या मोटारी साखर-मार्गासनीवरून गुंजवण्यापर्यंत येतात, म्हणून रस्ता आहे असे सरकारदप्तरी म्हणता येते. मंगळवारी मध्यरात्री, आषाढाच्या पावसात बाईला कळा लागल्या तर त्या रस्त्यावर वाहन कोणाचे, हा प्रश्न सरासरीत बसत नाही. जिल्ह्यातील पाहणीची घरे निवडक असतात. त्यांत आपल्या वस्तीतले एक घर आले तर ते एकट्यापुरते बोलत नाही, न विचारलेल्या असंख्य घरांच्या वतीने बोलते. असे घर मुके राहिले तर किती घरे मुकी झाली?

आणि वस्तीचे म्हणावे तर तिची जागाच साक्ष देते. गावाच्या उताराला, ओढ्याच्या अंगाला, जिकडे सांडपाणी वाहत येते तिकडे आपल्या पूर्वजांना राहावयास लावले गेले. पहिल्या पावसात घाण जेथे उतरते तेथलेच पाणी प्यायल्यावर हगवण व कावीळ होणार. खिडकी नसलेल्या एका खोलीत चुलीचा धूर आणि क्षयाचा रोगी एकत्र राहिला तर पोराचे फुफ्फुस बिघडणार. दवाखान्यात केसपेपरावर रोगाचे नाव लिहिले जाते. छपराचे, ओलीचे, ओढ्याचे लिहिले जात नाही. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय केला. चांगले झाले. पाटी बदलली, गटार मात्र होते त्याच उताराने वाहते.

‘तुमच्या सवयीच घाणेरड्या, म्हणून तुम्ही आजारी पडता’, हे म्हणणारे अजून आहेत. त्यांना आम्ही महाडचीच आठवण देतो. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करण्याकरिता स्पृश्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या पाण्याचे 108 घडे तळ्यात ओतले! पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारे शुद्ध आणि ओंजळीने पाणी पिणारे अशुद्ध. आरोग्यशास्त्राच्या कोणत्या पानावर हे बसते? पुढे दावा झाला. अस्पृश्यांनी पाणी न भरण्याची वहिवाट अनादि आहे, असे वादींचे म्हणणे होते. ती त्यांना शाबीत करता आली नाही, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. सवयींचा आरोप करणाऱ्यांकडेही असाच पुरावा मागावा. मात्र आपल्याजवळही पुरावा असला पाहिजे, आणि तो आपल्याच घरातून जावयाचा आहे.

कायद्याची एक बाजू नवदीक्षित कुटुंबांनी नीट समजून घ्यावी. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. ज्याने त्या वर्षी नागपुरास दीक्षा घेतली त्याला मात्र केंद्राच्या लेखी धर्म किंवा हक्क यांपैकी एकच निवडता येत होते. ही कोंडी 1990 च्या दुरुस्तीने फुटली. तेव्हापासून बौद्ध माणूस धर्माने बौद्ध व कायद्याने अनुसूचित जातीचा असू शकतो; दोन्ही शब्द एका वेळी खरे आहेत. 34 वर्षे भांडून मिळविलेला दुसरा शब्द पाहणीच्या कागदावर आपण होऊन कोरा सोडावा, यात कसला स्वाभिमान? वस्तीतील रस्ता, पाणी व गटारे यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची जी सरकारी योजना आहे तिचे अनुदानही वस्तीच्या लोकसंख्येवर ठरते. आता जनगणनेतही सर्वांच्या जातीची गणना होणार असे केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केले आहे. उत्तर आजच ठरवून ठेवा. धर्म: बौद्ध. प्रवर्ग: अनुसूचित जाती. पुढे मूळ जातीचे नाव विचारले तर तेही न लाजता सांगा.

दवाखान्यात गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे सुई टोचण्यापूर्वी, खाट देण्यापूर्वी, पेल्यातून पाणी देण्यापूर्वी कोणी जात विचारील तर उत्तर देऊ नका, त्याचे नाव व वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश नाकारणे 1955 च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीत तर रुग्णालय, दवाखाना व प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा नावानिशी उल्लेख आहे. पैसे वा खाट नाही म्हणून परत धाडणाऱ्या सरकारी इस्पितळांबाबतही न्यायालय गप्प राहिलेले नाही. 1992 साली बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या हकीम शेख नावाच्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी दाखल करून घेतले नाही. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवून त्याला 25,000 रुपये भरपाई देवविली.

पाहणीला उत्तर दिले म्हणजे आपले काम संपले असेही नव्हे. विचारणाऱ्याने प्रथम आपली संमती घेतली पाहिजे, आणि आपले नाव बाहेर फुटणार नाही हे सांगितले पाहिजे. एखादे उत्तर न देण्याचा हक्क तुम्हांस आहेच. तो जातीच्या रकान्यावर खर्चू नका एवढेच आमचे म्हणणे. शिवाय महाराष्ट्रात लोकांनी स्वतःच आरोग्यसेवेची पाहणी केल्याचा दाखला आहे. 2007 पासून पाच जिल्ह्यांतील 225 गावांत गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारला. त्या पाच जिल्ह्यांत आपला पुणे जिल्हा होता.

प्रत्येक महसुली गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असावयास पाहिजे. तिच्यावर आपल्या वस्तीतील बाई आहे काय, ते प्रथम पाहा. नंतर माहितीच्या अधिकाराखाली तीन गोष्टी लेखी मागा: गेल्या दोन वर्षांत वस्तीच्या पाण्याचे नमुने कधी तपासले व निष्कर्ष काय आला, आरोग्यसेविकेच्या भेटींची वस्तीवार तारीखवारी, आणि समितीला मिळालेला निधी कशावर खर्च झाला. उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला, दाखला जोडल्यास, तोही लागत नाही.