आयएसओ करून ठेवलंय म्हणजे नक्की काय ठेवलंय?

आमच्या ऑफिसात जुन्या व्हिडिओ गेम्सचा नाद असलेले चार-पाच जण आहेत. वर्षातून एकदा तरी त्यातला कुणीतरी नवी हार्डडिस्क घेतो, माळ्यावरच्या प्लेस्टेशनच्या सीड्या खाली काढतो, आणि सोमवारी जेवताना ठरलेला प्रश्न येतो: "काय रे, सगळ्यात कमी जागा कुठल्या फॉरमॅटला लागते?" या सोमवारीही आला. मी जरा जास्तच तावातावाने बोललो. डबा तसाच राहिला, समोरचा हसून उठून गेला, आणि मुद्दा काही नीट मांडला गेला नाही. तो इथे मांडतो.

मुद्दा एवढाच. ज्या फाइलमधून मूळ डिस्क बिट न् बिट परत उभी करता येत नाही, ती फाइल म्हणजे त्या डिस्कची प्रत नव्हे. ती लहान आहे, चालते, एम्युलेटरमध्ये उघडते, सगळं मान्य. पण तिच्या भरवशावर डिस्क टाकून देऊ नका. मी टाकली होती.

२००५ साली कामानिमित्त इंग्लंडात वर्षभर होतो. तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये पहिल्या प्लेस्टेशनचे गेम्स अक्षरशः चिल्लर देऊन मिळायचे. 'रिज रेसर' आणि 'वाइपआउट' तिथेच घेतले. परत येताना बॅग वजनात बसेना. आता एक तर आईने सांगितलेला क्रोकरी सेट, नाही तर सीड्या! मी लॅपटॉपवर सगळ्यांच्या आयएसओ फाइल्स केल्या, एकेक उघडून बघितली, आणि सीड्या होत्या त्याच दुकानात देऊन आलो. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

पुढे दहाएक वर्षांनी धाकटा भाऊ दिवाळीला आला होता, त्याला म्हटलं चल, रिज रेसर लावू. लागला. गाडी सुटली, टायर किंचाळले. भाऊ दोन मिनिटं खेळला आणि म्हणाला, "दादा, गाणं कुठंय?"

गाणं नव्हतंच. मी साउंड कार्ड तपासलं, सेटिंग तपासली, एम्युलेटर बदलून बघितला. मग ट्यूब पेटली. रिज रेसरचं संगीत त्या सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकच्या रूपात असतं, जसं कॅसेटच्या दुकानातल्या सीडीवर असतं तसं. गेम स्वतः इतका छोटा, की पूर्ण मेमरीत चढतो. त्या काळी लोक गेम सुरू झाल्यावर डिस्क काढून आपल्या आवडीची गाण्याची सीडी घालायचे आणि तिच्यावर गाडी पळवायचे. माझ्या आयएसओत आला होता फक्त पहिला, डेटाचा ट्रॅक. बाकीची गाणी मी चॅरिटी शॉपच्या काउंटरवर ठेवून आलो होतो.

आता हे का होतं ते जरा खोलात. कंटाळा येईल त्याने पुढच्या दोन परिच्छेदांवरून उडी मारावी, पण मग माझ्याशी वाद घालू नये.

सीडीवरचा एक सेक्टर २३५२ बाइटचा असतो आणि सेकंदाला असे ७५ सेक्टर वाचले जातात. हे आकडे गाण्यांच्या हिशोबाने ठरलेले आहेत: ७५ गुणिले २३५२ म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, म्हणजेच ४४,१०० हर्ट्झचा १६ बिटी स्टिरिओ आवाज. सीडीवर कॉम्प्युटरचा डेटा ठेवायची कल्पना नंतरची. डेटाच्या साध्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट खरा माल, आणि उरलेले ३०४ बाइट म्हणजे सेक्टरची सुरुवात ओळखायची खूण, पत्ता आणि चुका दुरुस्त करायची तजवीज. आयएसओ फाइल दर सेक्टरचे हे २०४८ बाइट घेते, बाकीचे सोडून देते. पीसीच्या एखाद्या सॉफ्टवेअर सीडीला हे चालून जातं, कारण सोडलेलं सगळं पुन्हा मोजून काढता येतं.

प्लेस्टेशनची सीडी मात्र वेगळ्या घराण्यातली. तिच्यावर दोन प्रकारचे सेक्टर मिसळलेले असतात. एकात २०४८ बाइट माल, दुसऱ्यात २३२४. हा दुसरा प्रकार व्हिडिओ आणि आवाजासाठी, कारण तिथे एखादा बिट चुकला तरी कुणाला कळत नाही, मग दुरुस्तीची तजवीज कशाला, तेवढी जागा मालाला द्या. आणि कुठला सेक्टर कुठल्या प्रकारचा, कुठल्या चॅनेलचा, हे सांगणारं ८ बाइटचं छोटं लेबल प्रत्येकावर. आयएसओ करताना हे लेबल जातं आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येक सेक्टरमागे २७६ बाइट माल कापला जातो. म्हणजे नुसती गाणीच नाहीत, कथेचे व्हिडिओसुद्धा. आणि हे कापलेलं पुन्हा मोजून काढता येत नाही.

थोडक्यात, पहिल्या प्लेस्टेशनची आयएसओ म्हणजे सत्यनारायणाचा फक्त प्रसाद. पूजा झाली की नाही ते कळायला मार्ग नाही.

आयएसओला उगाच शिव्या घालायच्या नाहीत मला. प्लेस्टेशन २ च्या डीव्हीडीला तीच बरोबर आहे. डीव्हीडीतही दुरुस्तीची तजवीज असते, पण ड्राइव्ह ती पोटातल्या पोटात वापरतो आणि आपल्याला स्वच्छ २०४८ बाइट हातात देतो. वेगळे ऑडिओ ट्रॅक वगैरे भानगड नाही. तिथे आयएसओ म्हणजे पूर्ण डिस्क. पण प्लेस्टेशन २ चे काही गेम्स निळ्या पाठीच्या साध्या सीडीवरही आले. त्यांना पुन्हा सीडीचेच नियम. पीएसपीच्या डिस्कलाही आयएसओ पुरते, आणि तिचीच दाबून केलेली सीएसओ फाइलही निरुपद्रवी आहे, उलगडली की तीच आयएसओ परत मिळते. म्हणजे फॉरमॅट चांगला की वाईट हे डिस्क बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. 'मी सगळं आयएसओत ठेवतो' हे वाक्य म्हणजे 'मी सगळं फ्रीजमध्ये ठेवतो' असं. कांदेसुद्धा?

आता दुसरी पार्टी. ही मंडळी शिकलेली आहेत, म्हणून त्यांच्याशी वाद जास्त. यांचं म्हणणं: बिन आणि क्यू हेच काय ते सोवळं, बाकी सगळं ओवळं. दाबलेली फाइल म्हणजे विटाळ. बिनमध्ये २३५२ च्या २३५२ बाइट असतात, क्यू ही साधी टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये वाचता येते, पन्नास वर्षांनीही वाचता येईल.

यातलं नोटपॅडचं म्हणणं मला पटतं. सोवळ्याचं नाही. कारण बिनमध्येही डिस्क पूर्ण नसते! सीडीच्या प्रत्येक सेक्टरबरोबर आणखी ९६ बाइट सबचॅनेलचे असतात, ते त्या २३५२ मध्ये मोजलेलेच नाहीत. एरवी त्याने काही अडत नाही. पण युरोपात विकल्या गेलेल्या प्लेस्टेशनच्या बऱ्याच गेम्समध्ये, उदाहरणार्थ तिथल्या 'फायनल फँटसी ९' मध्ये, लिबक्रिप्ट नावाची कुलूपबंदी होती. ठरावीक सेक्टरांच्या सबचॅनेलमध्ये मुद्दाम बिघडवलेले बिट, आणि त्यांच्यातून तयार होणारी १६ बिटांची किल्ली. ती किल्ली बिनमध्ये उतरत नाही. त्यासाठी एसबीआय नावाची चिमुकली फाइल शेजारी ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर सोवळ्यातली बिन घेऊन गेम एका जागी अडून बसतो.

आणि व्यवहारातलं सांगू का? बिन-क्यूची सगळ्यात मोठी शत्रू म्हणजे आपली फाइलींना नवीन नावं द्यायची खोड. क्यूच्या आत बिनचं नाव लिहिलेलं असतं. बाहेरचं बदललं, आतलं राहिलं, की संपलं. शिवाय ट्रॅकगणिक वेगळी बिन असेल तर एका गेमच्या वीस-वीस फाइली. मी स्वतः एकदा डिस्क भरली म्हणून 'या कसल्या एक-एक केबीच्या फाइली' असं म्हणून फोल्डरभर क्यू उडवल्या आहेत. हसू नका.

यावर माझी निवड सीएचडी. हा फॉरमॅट मेम या आर्केड एम्युलेटरवाल्यांचा. त्यांनी तो आधी आर्केड मशीनमधल्या हार्डडिस्कसाठी काढला आणि मग सीडीलाही लावला. यात काय होतं? ऑडिओ ट्रॅक फ्लॅकने दाबले जातात, म्हणजे एमपी३ सारखं काही फेकून न देता. डेटाच्या सेक्टरमधले दुरुस्तीचे बाइट पुन्हा मोजून जसेच्या तसे येत असतील तरच काढले जातात. येत नसतील तर हात लावला जात नाही. ट्रॅकची यादी फाइलच्या पोटात, म्हणजे नाव खुशाल बदला. आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट: मूळ डेटाचा एसएचए-१ चेकसम फाइलमध्येच लिहिलेला असतो. सीएचडीमॅनला व्हेरिफाय सांगितलं की तो पूर्ण फाइल उलगडून जुळवून बघतो.

"पण दाबलेल्या फाइलमधला एक बिट गेला तर अख्खा तुकडा जातो, बिनमध्ये एकच बाइट जाईल," हा सोवळ्यांचा हुकमी एक्का. बरोबर आहे. फक्त बिनमधला तो बाइट गेलाय हे तुम्हाला कोण सांगणार? मूळ चेकसम वेगळा लिहून ठेवला नसेल तर कुणी नाही. सहा वर्षं तुम्ही त्या बिघडलेल्या फाइलच्या प्रती इकडून तिकडे नेत राहणार. मला बोंब मारणारी फाइल बरी. बोंब मारली की दुसऱ्या डिस्कवरची प्रत काढायची. दुसरी प्रत नसेल तर मात्र फॉरमॅटवर वादच घालू नये माणसाने.

दुसरा एक्का असा: उद्या मेम बंद पडला तर? मेम १९९७ पासून चालू आहे आणि २०१६ पासून पूर्ण मुक्त लायसन्सवर आहे. सीएचडी वाचणारा कोड इतर एम्युलेटरांमध्येही गेलेला आहे. या धंद्यातल्या किती कंपन्या तेवढ्या वर्षांत आल्या आणि बुडाल्या ते आठवा.

सीएचडीतही खोड आहे. उलगडल्यावर क्यू अक्षरशः पहिल्यासारखी येत नाही, आणि सबचॅनेल तर बिन-क्यूतून केलेल्या सीएचडीत नसतंच. म्हणून मूळ क्यू आणि एसबीआय या दोन फुटकळ फाइली मी शेजारी ठेवतो.

निन्टेन्डोवाल्यांची कथा वेगळी, पण धडा तोच. गेमक्यूबची डिस्क सगळ्यांची सारखी, सुमारे १.४६ जीबीची, गेम केवढा का असेना. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' तर पन्नास एमबीच्याही आत मावतो. उरलेली जागा कचऱ्याने भरलेली, आणि कचराही असा की दाबला जात नाही, कारण तो दिसायला निव्वळ यदृच्छ आकड्यांचा. म्हणून २००९ च्या सुमाराला वी साठी डब्ल्यूबीएफएस आला: कचरा फेका, माल ठेवा. फाइल छोटी झाली, पण मूळ डिस्क परत मिळायची सोय गेली. मग २०२० मध्ये डॉल्फिनवाल्यांनी आरव्हीझेड आणला. तो कचरा एका ठरावीक सूत्राने तयार केलेला असतो. सूत्राला सुरुवातीला द्यायचे ६८ बाइट सापडले की त्यापुढचा कचरा जसाच्या तसा पुन्हा तयार करता येतो. म्हणून आरव्हीझेड फक्त ते बी ठेवतो. फाइल छोटी ती छोटीच आणि डिस्क परत मिळते बिट न् बिट. हे वाचलं त्या दिवशी मी खरंच उठून एक चक्कर मारून आलो. इतकी वर्षं 'जागा की अचूकपणा' म्हणून भांडत होतो, आणि कुणीतरी शांतपणे बसून कचऱ्याचं सूत्र शोधत होतं.

ड्रीमकास्टच्या सीडीआय फाइली कुणी अजून जपून ठेवल्या असतील तर त्यांनी एकदा विचार करावा. त्या गेमची मूळ डिस्क सुमारे एक जीबीची, आणि सीडीआय बनवली ७०० एमबीच्या सीडीवर बसवायला. मोठ्या गेम्समध्ये ती बसवताना गाण्यांचा दर्जा उतरवला, व्हिडिओ कापले. एम्युलेटरला ती सीडी भाजायचीच नाहीये, मग कापलेलं कशाला खायचं? मूळ डिस्क असेल तर तिची जीडीआय करून सीएचडी करावी.

असो. रिज रेसर मी परत घेतला, जुनाच, या वेळी परदेशातून पोस्टाने मागवून, आणि पोस्टखर्च डिस्कपेक्षा जास्त पडला. सगळे ट्रॅक काढले, रीडम्पच्या यादीतल्या चेकसमशी ताडले, एकूण एक जुळले. वाइपआउटचं मात्र अडलंय. डिस्कवर बारीक ओरखडा आहे आणि शेवटून दुसऱ्या ट्रॅकवर माझा ड्राइव्ह दर वेळी वेगळंच काहीतरी वाचतो. शेजारच्या सोसायटीत एकाकडे जुना ड्राइव्ह पडून आहे म्हणे. उद्या सकाळी तो आणून त्यात घालून बघणार आहे.