मुंगीचे गणित

मुक्ताबाईच्या मुंगीवर आजवर अनेक आपत्ती आल्या असतील. परंतु तिला परक्या आकडेमोडीच्या घाण्यात घालून पिळण्याचा प्रकार आमच्या किहीमला व्हावा, याचे मला राहून राहून नवल वाटते.

येथे सुट्टीला येणारे एक पाहुणे आहेत. माणूस सज्जन, वाचन दांडगे. अलीकडे त्यांना थेलेमा नावाच्या पंथाचा आणि त्या पंथाने यहुद्यांकडून उसन्या घेतलेल्या कब्बालाचा नाद लागला आहे. मुक्ताबाईच्या त्या प्रसिद्ध अभंगात एवढीशी मुंगी सूर्याचा घास घेते. त्याचे रहस्य आपल्याला उलगडले, असे ते सांगतात. कसे? तर आपल्या जुन्या कटपयादी पद्धतीत म म्हणजे ५, ग म्हणजे ३, आणि अंक उजवीकडून मांडायचे. म्हणून मुंगी झाली ३५. आदित्य बारा, म्हणून सूर्य म्हणजे १२. बेरीज ४७. चार आणि सात अकरा. आणि थेलेमात अकरा हा तर जादूविद्येचाच अंक! ऐकणारे माना डोलावतात. मुले टाळ्या पिटतात.

मला स्पष्ट म्हणावयाचे आहे, की हा अर्थ लावणे नव्हे. वाचकहो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतःच करून पाहा. सूर्य काढून तेथे चंद्र घाला. संख्याशब्दांत चंद्र म्हणजे १. मुंगी ३५ आणि चंद्र १ मिळून ३६. तीन आणि सहा नऊ. कब्बालात ईश्वरी प्रकटनाच्या दहा पायऱ्या मानतात, त्यांतली नववी येसोद. आणि पाश्चात्त्य गूढवाद्यांनी येसोदचा ग्रह कोणता ठरवला आहे? चंद्र! म्हणजे मुक्ताबाईने जे म्हटलेच नाही, त्याचा पुरावा तिने जे म्हटले त्याच्याहून सरस निघाला. अशा पुराव्याला काय म्हणावे, ते आपणच ठरवा.

आता हीच कसोटी आपल्या कीर्तनकारांच्या अर्थाला लावू. मुंगी म्हणजे क्षुद्र भासणारा जीव, आणि सूर्य म्हणजे ज्याच्या प्रकाशात सारे दिसते ते तत्त्व; लहानाने थोराला आपल्यात सामावून घेतले, हा अनुभव सांगायला सरळ भाषा अपुरी पडली म्हणून ती उलटी बोलली. येथे मुंगीच्या जागी हत्ती घाला. अभंग तेथेच कोसळतो! सूर्याच्या जागी दिवा घाला, नवल संपते. शब्द बदलताच जो अर्थ मोडतो, तोच त्या शब्दाचा अर्थ. जो कशानेही मोडत नाही, तो कशालाच चिकटलेला नसतो.

मी अंकांचा वैरी नाही. हिब्रूत अक्षरे हीच अंक म्हणून वापरीत आले आहेत. 'अहवा' म्हणजे प्रेम, त्याचे १३. 'एहाद' म्हणजे एक, त्याचेही १३. आणि दोन्ही मिळून २६, ही चार अक्षरी ईश्वरनामाची संख्या. परंतु ईश्वर एक आणि त्याच्यावर प्रेम करावे, ही शिकवण तेथे आधीपासून उभी आहे. अंक तिला तोरण बांधतात, पाया घालीत नाहीत. आपल्याकडेही कर्नाटक संगीतातला मेचकल्याणी हा पासष्टावा मेळ. त्याच्या नावातली पहिली दोन अक्षरे कटपयादीने ६५ देतात, कारण नाव ठेवणाऱ्याने ती हेतूने योजली. अक्षर बदला, क्रमांक चुकतो. मुक्ताबाईने मात्र मुंगीला क्रमांक दिलेला नाही.

थेलेमाची गोष्ट याहून गमतीची. अलिस्टर क्रौली यांनी १९०४ साली कैरो येथे 'द बुक ऑफ द लॉ' लिहिले. कोणा अशरीरी वाणीने ते सांगितले, असा त्यांचा दावा. त्याच्या दुसऱ्या अध्यायातले ७६वे वचन आकडे आणि रोमन अक्षरे यांच्या माळेने सुरू होते. लिहिणाऱ्यालाही तिचा अर्थ कळणार नाही, मागाहून कोणी येऊन सांगेल, असे तेथेच बजावले आहे. तेव्हापासून उकली निघतच आहेत. प्रत्येकाची किल्ली निराळी आणि कुलूप प्रत्येकीने उघडते! असले कुलूप आपण आपल्या कोठीला तरी लावू काय?

पाहुण्यांचा शेवटचा मुद्दा मला अधिक बोचतो. बेने इस्रायलांचे पूर्वज गलबत फुटून येथून जवळच नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा आहे. म्हणून मुक्ताबाई आणि कब्बाला यांचे काही गुप्त नाते असलेच पाहिजे, असे ते म्हणतात. अहो, उघड नाते डोळ्यांपुढे असताना गुप्त कशाला हुडकता? कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर आपल्या आडनावात आमच्या गावाचे नाव वागवीत होते. त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. १८८०च्या सुमारास या समाजाने मुंबईत मराठी कीर्तने सुरू केली आणि आपल्या धर्मग्रंथांतल्या पूर्वजांची चरित्रे ओवी, साकी, दिंडीत गाइली. पुण्यात अब्राहम डेव्हिड एझिकेल या बगदादी यहुदी गृहस्थांनी तर १८८७ साली 'इद्रा झुता' हा कब्बालाचा भाग आपल्या लोकांच्या बोलीतल्या अरबीत आणून छापला. त्याच वर्षी लंडनमध्ये मॅथर्स यांनी तोच भाग लॅटिनवरून इंग्रजीत आणला. त्यांच्याच मंडळात पुढे क्रौली शिकले. पाहुण्यांपर्यंत पोचले ते लंडनचे. पुण्याचे कोणी उघडूनही पाहत नाही!

१९४८नंतर बेने इस्रायलांपैकी बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. त्यांची मराठी कीर्तने जाणणारी माणसे आता थोडी उरली. ती ऐकायची, उतरवून घ्यायची, तर वेळ याच पिढीच्या हाती आहे. आणि आपण तो शेजाऱ्याला सांकेतिक आकडा बनवण्यात दवडतो. टाळ्या पिटणाऱ्या त्या मुलांना मी अभंग म्हणायला सांगितला. एकालाही येत नव्हता. सत्तेचाळीस मात्र सर्वांना पाठ!

तेव्हा यंदा फराळाची ताटे वाढली म्हणजे घरातल्या आजीला तो अभंग म्हणायला सांगा. मग मुलांना विचारा, मुंगीऐवजी हत्ती असता तर? त्यांना उत्तर द्यायला कागद-पेन्सिल लागणार नाही.