तण उगवते कधी?

किती वर्षे खुरपले म्हणजे रानातले तण संपेल, हा शेतकऱ्याचा जुना प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी 1879 साली अमेरिकेत मिशिगन कृषी महाविद्यालयाच्या विल्यम बील यांनी 20 बाटल्या जमिनीत पुरल्या. प्रत्येक बाटलीत ओलसर वाळू आणि 21 वनस्पतींच्या 50-50 बिया, बहुतेक तणांच्याच. 2021मध्ये, म्हणजे 141 वर्षांनी, त्यांतली एक बाटली काढली आणि तिच्यातल्या 20 बिया उगवल्या. शेवटची बाटली 2100 साली उघडायची आहे.

या बाटल्या उकरतात त्या अंधारात. कारण अनेक तणांच्या बियांना उजेडाचा एक क्षणही उगवायला पुरतो. नांगराने ढेकूळ उलटले की तो क्षण मिळतो. 1952 साली अमेरिकेतच बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर दाखवून दिले, की लाल प्रकाशाने बी उगवते आणि त्यापलीकडच्या दूर-लाल प्रकाशाने थांबते. दाट पिकाच्या पानांतून गाळून जमिनीवर पोचतो तो बहुतांशी हा दूर-लाल प्रकाश. पीक लवकर दाटले की तण दबते, त्याचे एक कारण हे.

ही विद्या प्रयोगशाळेत यायच्या आधीपासून आपल्याकडच्या रानात वापरात होती. पहिल्या पावसानंतर केना, दुधानी, माठ उगवू द्यायचे, वापसा येताच वखराची पाळी घालायची आणि मग तिफण धरायची. तणाचा पहिला लोंढा पेरणीआधीच निघून जाई. आता पाऊस खंड पाडत येतो, तण हप्त्याहप्त्याने वर येते आणि हातचा वापसा जाईल म्हणून पेरणीची घाई होते. ती पाळी चुकते. 1955च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत तर हंगामाचीही वाट पाहत नाही. ओल मिळाली की वरच्या थरातले बी उगवते, खोल गेलेले वर्षानुवर्षे टिकते.

फवारणी उगवलेले तण जाळते, खाली उरलेल्या बियांना मात्र बहुतेकदा हातही लावत नाही. तरी सरकारी सल्ल्यात भर औषधाच्या मात्रेवर. कृषी विद्यापीठांनी काळ्या, मध्यम आणि मुरमाड जमिनींत कोणते तण किती पावसावर, कितव्या दिवशी वर येते, याची तालुकावार नोंद दरवर्षी ठेवावी आणि हवामानाच्या अंदाजासोबत ती मृगाआधीच शेतकऱ्याच्या हाती द्यावी.