वनस्पतींची नावे आणि बदलती अक्षरे

मुंबई उपनगरातील वर्सोवा हे गाव तेथील कोळी बांधवांच्या तोंडी अद्यापि वेसावेच आहे. इंग्रजीत गेलेले नाव मराठीत परतले ते वर्सोवा होऊन. गावाच्या नावात असा फेर कोणी ठरवून करीत नाही. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची अक्षरेही बदलतात. परंतु तेथे बदलाला नियमाचा आधार असतो.

मुंबईच्या खाड्यांकाठी तिवरांच्या सोबतीने वाढणारा गेवा याचे उत्तम उदाहरण होय. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो. म्हणूनच लिनीअसने १७५९ साली, आंधळे करणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्याच्या प्रजातीस एक्सोकेरिया हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दात 'ए' व 'ई' ही रोमन अक्षरे जोडीने येतात. लिनीअसने मात्र 'ओ' व 'ई' लिहिली. पुढे काही शास्त्रज्ञांनी व्याकरणास धरून 'ए' घातला. तथापि आजच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार, उघड चूक नसेल तर नाव प्रथम प्रसिद्ध करणाऱ्याचीच अक्षरे प्रमाण ठरतात. त्यामुळे 'ओ' पुन्हा आपल्या जागी आला.

क्वचित नियमच बदलतो. २०२४ साली माद्रिद येथील परिषदेत आफ्रिकेतील लोकांना अपमानास्पद असलेले 'काफ्रा' हे पद 'अफ्रा' असे करण्याचे ठरले. पांगाऱ्याच्या प्रजातीतील एका आफ्रिकी झाडाचे नावही त्यामुळे बदलले.

हा अक्षरांचा काथ्याकूट शेतकऱ्याच्या काय कामाचा, असे कोणी विचारील. परंतु संगणकावर शोध घेताना एक अक्षर चुकले तरी जुन्या ग्रंथातील माहिती हाती लागत नाही. आणि ती माहिती गेव्याच्या चिकासारखी धोक्याची सूचना असेल, तर हानी केवळ कागदावर राहत नाही. नुसत्या देशी नावावरही विसंबता येत नाही, कारण ते गावोगाव बदलते.

यास्तव रोपवाटिकेतील फलकांवर आणि कृषिविषयक पुस्तिकांत देशी नाव, प्रचलित शास्त्रीय नाव आणि जुने लेखन ही तिन्ही एकत्र देणे इष्ट आहे. नवे लेखन स्वीकारावे. जुने मात्र पुसून टाकू नये. मागच्या पिढ्यांनी नोंदविलेल्या ज्ञानापर्यंत नेणारी वाट तेच दाखविते.