खेळातले कसब कोणते निवडावे?

मुलाने पुढे काय शिकावे, हा प्रश्न आपल्या घरांतून मुलाच्या आधी वडीलमंडळींना पडतो. नात्यातले कोण कोठे लागले, कोणत्या विद्येला आज मागणी आहे, शिक्षणाला खर्च किती आणि त्याची भरपाई किती वर्षांत, याची चर्चा दिवाणखान्यात चालते आणि पुष्कळदा मुलाला न विचारताच तिचा निकाल लागतो. त्याच वेळी आतल्या खोलीत तो मुलगा संगणकापुढे बसून नेमका हाच प्रश्न आपल्या बुद्धीने सोडवीत असेल, अशी कल्पना मात्र कोणाच्या मनात येत नाही. इंटरनेटवर जे भूमिकांचे खेळ खेळले जातात, त्यांत खेळाडूला आपल्या पात्रासाठी एखादे कसब निवडावे लागते. हे निवडावे कसे, याविषयी या महिन्यात चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. तरुण वाचकांना त्यांचा उपयोग होईल. आणि वडीलधाऱ्यांनाही ते अगदीच परके वाटणार नाहीत, अशी आमची समजूत आहे.

उदाहरणादाखल आपण या जातीचा अत्यंत गाजलेला एक खेळ घेऊ. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी खुला केला. पुढे त्यात इतकी भर पडत गेली की, मूळचे रूप ओळखू येईना. तेव्हा जुन्या खेळाडूंच्या आग्रहावरून २०१९ साली कंपनीने ‘क्लासिक’ या नावाने ते मूळ रूप पुन्हा उपलब्ध केले. आमचे पुढील विवेचन मुख्यतः या जुन्या रूपाला धरून आहे. कारण निवडीची खरी कसोटी त्यातच लागते.

अ‍ॅझेरॉथ नावाच्या कल्पित जगात खेळाडू योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक, शिकारी असे एखादे पात्र घेऊन उतरतो. लढाई हे त्याचे मुख्य काम. परंतु लढणाऱ्याला शस्त्र हवे, चिलखत हवे, औषध हवे. ते पुरविण्यासाठी खेळात नऊ मुख्य कसबे ठेविली आहेत. खाणकाम, वनस्पती गोळा करणे आणि मारलेल्या जनावराचे कातडे सोलणे ही तीन कच्चा माल मिळविण्याची. लोहारकाम, चर्मकाम, शिवणकाम, किमया, अभिमंत्रण आणि इंजिनिअरिंग ही सहा पक्का माल करण्याची. या नवांपैकी एका पात्राला दोनच घेता येतात. स्वयंपाक, मासेमारी आणि प्रथमोपचार ही तीन दुय्यम कसबे मात्र सर्वांना मोकळी आहेत.

दोनच, हा नियम साधा दिसतो. पण सगळी मेख त्यातच आहे. घेतलेले कसब पुढे नकोसे झाले तर सोडता येते. मात्र सोडताक्षणी त्यातील मिळविलेले सारे कौशल्य आणि शिकलेल्या सर्व कृती पुसल्या जातात. पुन्हा तेच कसब घ्यायचे म्हटले तर श्रीगणेशा पहिल्यापासून गिरवावा लागतो. कौशल्याच्या ७५, १५०, २२५ आणि ३०० अशा चार पायऱ्या आहेत. शेवटची पायरी गाठायला केवढा वेळ आणि केवढे द्रव्य लागते, हे ज्याने ती गाठली त्यालाच ठाऊक. म्हणून आरंभीच थोडा विचार केलेला बरा.

नवा खेळाडू बहुधा एकच प्रश्न विचारतो : पैसा कशात जास्त? प्रश्न गैर नव्हे. पात्र चाळिसाव्या पातळीला पोचले की, त्याला वाहन म्हणून घोडा किंवा तत्सम जनावर घेता येते, आणि त्यासाठी सुमारे १०० सुवर्णमुद्रा लागतात. नवख्याच्या दृष्टीने ही रक्कम डोंगराएवढी. तेव्हा लोहार व्हावे, तलवारी घडवाव्यात, त्या विकून श्रीमंत व्हावे, असा सरळ हिशेब तो मांडतो. हा हिशेब चुकतो कसा, ते पाहण्यासारखे आहे.

शिकाऊ लोहाराचा हात बसावा कसा? वस्तू घडवून. कोणती वस्तू घडविल्याने कौशल्य वाढेल, हे खेळ रंगांनी दाखवितो. कृतीचे नाव नारिंगी असेल तर एक गुण निश्चित मिळतो. पिवळे झाले की बहुधा मिळतो. हिरवे झाले की क्वचित. आणि राखाडी झाले की मुळीच नाही. साहजिकच प्रत्येक शिकाऊ लोहार आपल्या पायरीला नारिंगी दिसणारी तीच ती तांब्याची मनगटबंदे डझनांनी घडवीत बसतो. असे शिकाऊ एका गावात असंख्य. त्या सर्वांना तांबे हवे असते आणि त्यांची मनगटबंदे कोणालाच नको असतात. परिणाम असा की, लिलावघरात तांब्याचे धातुक चढ्या भावाने जाते आणि त्याच तांब्याचा तयार दागिना अनेकदा त्याहून स्वस्त पडून राहतो. विकलेल्या मालावर लिलावघर शेकडा ५ अडत कापून घेते, ती वेगळीच. कच्च्या मालाची किंमत आणि पक्क्या मालाची किंमत यांत जो खड्डा पडतो, ती त्या शिकाऊ लोहाराची शिकवणीची फी होय. ती भरण्याची तयारी असेल त्यानेच ऐरणीपुढे उभे राहावे.

यावरून अनुभवी खेळाडूंनी एक व्यवहारी तोड काढली आहे. आरंभी कच्च्या मालाचीच दोन कसबे घ्यावीत, वाटेत मिळेल ते विकावे, गाठीला पैसा जमू द्यावा, आणि मग त्यांपैकी एक सोडून हस्तव्यवसाय शिकावा. मात्र खाणकाम आणि वनस्पती ही जोडी या रूपात गैरसोयीची ठरते. पडद्याच्या कोपऱ्यातील लहान नकाशावर खनिजांच्या किंवा वनस्पतींच्या खुणा दिसतात; पण एका वेळी दोहोंपैकी एकाच्याच. कातडे सोलण्यास अशी खूण लागत नाही, कारण मारलेले जनावर समोरच पडलेले असते. म्हणून सोलण्याच्या जोडीला बाकीच्या दोहोंपैकी एक घेतले की, कोणतीच संधी वाया जात नाही.

आता एकेका हस्तव्यवसायाकडे वळू. लोहाराला खाण जोडीला हवीच. तांबे आणि कथील भट्टीत वितळवून कासे करावे, लोखंडात कोळसा घालून पोलाद करावे, हे काम खाणकऱ्याचे. ऐरणीवरचे काम लोहाराचे. चिलखत घालून पुढे उभा राहणाऱ्या योद्ध्याला हे कसब शोभते. चर्मकाराला कातड्याची जोड हवी, किमयागाराला वनस्पतींची. किमयागाराचा एक फायदा असा की, त्याचे गिऱ्हाईक परत येते. लोहाराकडून घेतलेली तलवार पुष्कळ दिवस पुरते. औषध प्याले की संपते. शिंप्याला कोणत्याही जोडकसबाची गरज नाही. मनुष्यसदृश शत्रू पडला की, त्याच्यापाशी कापडाचे तुकडे सापडतात. लिननच्या दोन तुकड्यांचा एक तागा होतो, लोकरीला तीन लागतात. पण प्रथमोपचाराच्या पट्ट्याही याच कापडाच्या होतात, तेव्हा अंगरखा शिवावा की जखम बांधावी, हा पेच त्याला नेहमीचा. त्याच्या अंगरख्यांना गिऱ्हाईक मिळो न मिळो, पिशव्यांना हमखास मिळते. कारण सामान वाहायला पिशवी प्रत्येकालाच हवी. लिननच्या साध्या पिशवीला ६ खण असतात, रूनक्लॉथ या वरच्या प्रतीच्या कापडाच्या पिशवीला १४.

शिंप्याची दुसरी जागा रिकामी राहते. तेथे अभिमंत्रण चांगले बसते, कारण तेही दुसऱ्या कसबावर अवलंबून नाही. नको असलेली मंतरलेली वस्तू मोडून तिची भुकटी आणि अर्क काढावेत, आणि त्यांच्या बळावर दुसऱ्याच्या शस्त्राला गुण चढवावा, असे हे काम आहे. येथे माल लिलावघरात ठेवता येत नाही. आयर्नफोर्ज किंवा ओर्ग्रिमार अशा राजधानीत चौकात उभे राहून हाळी द्यावी लागते. ज्याला माणसांशी बोलायला आवडते, त्याने हे जरूर घ्यावे. भिडस्ताने घेऊ नये.

राहता राहिले इंजिनिअरिंग. आपल्या घरांतून या विद्येचा केवढा दबदबा! खेळात मात्र तिच्यात पैसा सर्वांत थोडा. इंजिनिअरने केलेल्या बऱ्याचशा चमत्कारिक वस्तू दुसऱ्या इंजिनिअरलाच वापरता येतात, आणि त्यांतील काही ऐन वेळी उलटून करणाऱ्याच्याच अंगावर येतात. तरीही हे कसब हौसेने घेणारे पुष्कळ आहेत आणि ते फारसे पस्तावत नाहीत. केलेली वस्तू हातात घेऊन पाहण्यात जो आनंद असतो, तो त्यांना पुरतो.

येथवर प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब झाला. परंतु या कसबांचे खरे मोल एकेकट्याच्या हिशेबात दिसत नाही. मूळ खेळात २००५ साली ‘ब्लॅकविंग लेअर’ नावाची एक गुहा खुली झाली. ४० खेळाडूंनी मिळून तेथे उतरायचे असते. तेथील मोठे ड्रॅगन एक काळी ज्वाला सोडतात आणि तिच्यापुढे साधे चिलखत टिकत नाही. त्यावर उपाय म्हणजे एक विशिष्ट प्रावरण. ते कसे होते पाहा. ऑनिक्सिया नावाच्या दुसऱ्याच ड्रॅगनला आधी सर्वांनी मिळून मारावे. मग कातडे सोलणाऱ्याने तिचे खवले काढावेत. शिंप्याने सिंडरक्लॉथ कापडाचे प्रावरण शिवून द्यावे. आणि चर्मकाराने खवला त्या प्रावरणावर एका खास दोऱ्याने बसवावा. कसबे तीन आणि जागा दोन! कितीही श्रीमंत, कितीही शूर खेळाडू असो, सगळे काम त्याच्या एका पात्राच्या हातून होणे नाही. एरवी ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही त्या सोलणाऱ्यावाचून चाळीसही जण अडून बसतात.

हे वाचताना आमच्या जुन्या वाचकांना गावगाड्याची आठवण झाल्यास नवल नाही. सुतार, लोहार, चांभार, कुंभार वर्षभर कुणब्याची कामे करीत आणि सुगीला खळ्यावरून आपले बलुते नेत. कामागणिक पैसा मोजला जात नसे. खेळातील जमलेल्या संघांतही पुष्कळदा असेच चालते. वनस्पती एकाने आणाव्यात, औषध दुसऱ्याने करावे, ते तिसऱ्याने प्यावे, आणि हिशेब कोणीच ठेवू नये. पण साम्य येथेच संपते. गावगाड्यात लोहाराच्या पोटी जन्मला तो लोहार; चांभाराच्या मुलाला दुसरे काही व्हावेसे वाटले तर त्याला विचारतो कोण? शिवाय ज्याच्यावाचून गावाचे पान हलत नसे, त्यालाच गावाने वेशीपलीकडे ठेविले, हेही विसरता येत नाही. खेळात कातडे सोलणारा ते काम आपण होऊन पत्करतो, उद्या सोडू शकतो, आणि चाळिसांच्या पंगतीत बरोबरीने बसतो. परस्परांची गरज तीच. निवडीचा हक्क मात्र नवा आहे. तो ज्याला मिळाला त्याने तो केवळ लिलावघरातील भाव पाहून वापरावा, हे आम्हांला कमीपणाचे वाटते.

नव्या रूपात बरेच नियम सैल झाले आहेत. २००७ साली जवाहिऱ्याचे आणि २००८ साली लेखनिकाचे अशी आणखी दोन कसबे आली. प्रथमोपचार २०१८ साली गेले. २०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ या भागापासून गिऱ्हाइकाने आपला माल देऊन कारागिराकडे रीतसर मागणी नोंदविण्याची सोय झाली, आणि त्याच वेळी प्रत्येक कसबात पोटशाखा निघाल्या. म्हणजे नुसते लोहार होऊन भागत नाही. चिलखत घडविणारा की शस्त्र घडविणारा, हेही ठरवावे लागते. निवडीचा प्रश्न सुटला नाही, तो आणखी बारीक झाला.

तेव्हा आमची सूचना थोडक्यात अशी. कसब घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. माझे पात्र ज्या वाटेने जाते त्या वाटेवर या कसबाचा माल मला आपोआप मिळेल काय? मी केलेली वस्तू मला किंवा माझ्या सोबत्यांपैकी कोणाला हवी आहे काय? आणि तेच काम शंभर वेळा करावे लागले तरी मला कंटाळा येणार नाही ना? तिन्हींची उत्तरे जुळली तर बाजारभाव दुय्यम मानावा. भाव आज आहे तो पुढच्या महिन्यात नसतो.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मूल किती वेळ खेळले, हे घड्याळ सांगते आणि त्या वेळेला मर्यादा घालणे हे आपले कामच आहे. पण मर्यादा घालण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसून विचारावे, “आज काय केलेस, आणि कोणासाठी?” तो जर म्हणाला, “आजोबा, चाळीस जणांची प्रावरणे व्हायची होती, त्यांतली सहा मी करून दिली,” तर त्या सहांची हकीकत शेवटपर्यंत ऐकून घ्यावी. पुढे त्याने काय शिकावे याची चर्चा दिवाणखान्यात निघेल, तेव्हा ती हकीकत आपल्या उपयोगी पडेल.